ओढ, सोड आणि रोक

मामूंच्या बोटीवर गेल्या हंगामात आम्ही घरातला जुना कॉर्डलेस फोन बसवला. बाहेर फोन करण्यासाठी नव्हे. भर समुद्रात त्याला कसली लाइन मिळणार? केबिनमधल्या तांडेलाने मागे वींचवर उभ्या असलेल्या खलाशाशी बोलावं, एवढ्यासाठी. बंदरावर आठ दिवस तो थट्टेचा विषय झाला. "मास्तरने बोटीवर टेलिफोन ऑफिस काढलं," असं एकाने चहाच्या टपरीवर माझ्या तोंडावर सांगितलं. पुढे थट्टा ओसरली आणि दोन-तीन बोटवाल्यांनी गुपचूप विचारलं की सेट कुठला, बॅटरीला कसा जोडला. त्यांना सांगता सांगता लक्षात आलं, की जोडणी सांगायला दहा मिनिटं पुरतात. खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो फक्त मासेमारीच्या बोटींपुरता नाही. म्हणून हे लिहितोय.

त्याच्या आदल्या हंगामात याच बोटीवर एका खलाशाच्या हाताची दोन बोटं गेली. (मराठीत पाण्यातली बोट आणि हाताचं बोट सारखंच लिहिलं जातं, याची मी वर्गात गंमत करायचो. आता करत नाही.) मुलगा नेपाळचा, बावीस-तेवीस वर्षांचा. कोकणातल्या बंदरांवर आता निम्मं काम नेपाळी पोरांच्या हातांवर चालतं हे बंदर पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. जाळं वर घेणं चालू होतं. वींचच्या ढोलावर दोर नीट बसत नव्हता, एकावर एक चढत होता. पोराने तो हाताने सरकवायला घेतला आणि हातमोजा दोराखाली अडकला. तो ओरडला. शेजारच्या दुसऱ्या खलाशाने हात सरळ वर केला. त्याच्या हिशेबी त्याचा अर्थ होता 'थांब'. केबिनच्या मागच्या खिडकीतून तांडेलाने वळून पाहिलं, त्याला वर केलेला हात दिसला. त्याच्या हिशेबी वर हात म्हणजे 'वर घे'. त्याने इंजिनाला रेस दिली.

तांडेल म्हणजे माझा सख्खा मामेभाऊ. बोटीचे नाखवा माझे मामू. तेव्हा मी कोणा परक्याची उणीदुणी काढत नाहीये.

मामूंनी तेव्हा 'नसीब' म्हटलं. मुलाला दवाखान्यात नेलं, खर्च केला, घरी परत जाण्यापुरते पैसे दिले. सरकारच्या मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा असतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. पण त्या पोराचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. यादीत नाव घालायला हवं होतं हे नंतर सगळ्यांना आठवलं.

मामेभावाला त्यानंतर बरेच दिवस झोप लागत नव्हती. एकदा मी त्याला विचारलं, "तू नेमकं काय ऐकलंस?" तो म्हणाला, "काहीच नाय ऐकलं. तिथं कधीच काय ऐकू येत नाय."

हे मला नवीन होतं. बोट पन्नास फुटांची. केबिनपासून वींच दहा-बारा फुटांवर, अगदी मागचं टोक पंचवीस-तीस फुटांवर. मी शाळेत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवतो, ते अंतर जवळपास एवढंच. पण वर्गाच्या खाली सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन नसतं. आपल्या ट्रॉलरवर इंजिन केबिनच्या खाली आणि वींच केबिनच्या मागे. तांडेलाचं तोंड पुढे, काम सगळं पाठीमागे. जुन्या पद्धतीच्या वींचला वेगळी मोटर नसते, ती बोटीच्या मुख्य इंजिनावरच फिरते. म्हणजे दोरावर हात ठेवणारा एक आणि त्या दोराचा वेग ठरवणारा दुसरा, त्याला न दिसणारा. मधे इंजिनाचा धडधडाट, धुराड्याचा आवाज, वारा, वींचच्या दातऱ्यांची खरखर. इतकी वर्षं हा कारभार ओरडण्यावर, शिट्टीवर आणि हातवाऱ्यांवर चालत आला. इंजिनावर वीस वर्षं काढलेल्या माणसांच्या घरी टीव्ही किती मोठ्याने लागतो ते एकदा जाऊन ऐका, म्हणजे त्यांच्या कानांचं काय झालं ते कळेल.

आता फोनाकडे येतो. आमच्या घरी लँडलाइन होती तेव्हा दोन हँडसेटवाला कॉर्डलेस घेतला होता. पुढे लाइन बंद केली. सेट मात्र अम्मीने टाकू दिला नाही. आखाती पैशातून बांधलेली कोकणातली घरं तुम्ही पाहिली असतील, वर पाच खोल्या, खाली पाच खोल्या आणि राहणारी माणसं तीन. अम्मीचे गुडघे दुखतात. ती खाली स्वयंपाकघरात एक हँडसेट ठेवायची, दुसरा वर माझ्या टेबलावर. इंटरकॉमचं बटण दाबून "चहा झालाय" एवढंच सांगायची. मामेभाऊ एकदा जेवायला आला असताना त्याने हे पाहिलं. त्याने हँडसेट उलटासुलटा करून विचारलं, "हा लाइनशिवाय चालतो?" म्हणजे कल्पना त्याची. माझ्या डोक्यात ती कधी आली नसती, कारण माझ्यासाठी तो चहाचा फोन होता.

लाइनशिवाय चालतो, कारण दोन हँडसेट एकमेकांशी बोलतात ते बेसच्या मार्फत, टेलिफोन एक्स्चेंजच्या मार्फत नाही. बेसला वीज मिळाली की पुरे. मात्र दोन किंवा जास्त हँडसेटचा सेट हवा. एकाच हँडसेटच्या स्वस्त सेटमध्ये बहुधा हरवलेला हँडसेट शोधण्यासाठी घंटी वाजवण्याचीच सोय असते, बोलण्याची नाही. आमचा सेट २.४ गिगाहर्ट्झवाला. कमी ताकदीच्या अशा उपकरणांना या पट्ट्यात आपल्याकडे परवाना लागत नाही. केबिनमधल्या व्हीएचएफ सेटशीही त्याची गाठ पडत नाही, व्हीएचएफ १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. परदेशातून कोणी आणून दिलेला सेट मात्र बसवू नका. अमेरिकेतले नवे कॉर्डलेस १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि तो पट्टा आपल्याकडे मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. आपल्या कोकणात परदेशी वस्तूंची कमी नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

जोडणीत पहिली चूक माझीच. बोटीवर इन्व्हर्टर होता, त्याच्यात घरचा अडॅप्टर खोचला आणि काम झालं असं समजलो. इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून एवढा करंट ओढतो की व्होल्टेज क्षणभर खाली येतं. इन्व्हर्टर बंद पडला, बेस बंद पडला आणि दोन्ही हँडसेट कुईकुई करत बसले. मग बंदरावरच्या वायरमनने बॅटरीवरून थेट छोटा डीसी कन्व्हर्टर बसवून दिला. बेसच्या अडॅप्टरवर जेवढं व्होल्टेज लिहिलेलं तेवढंच बाहेर देणारा, वायरीत फ्यूज घालून. बेस बारा व्होल्टला सरळ जोडायचा मोह होतो, तो टाळा. चार्जिंग चालू असताना बारा व्होल्टची बॅटरी चौदाच्या पुढे जाते, चोवीसची अठ्ठावीसपर्यंत, आणि असल्या बेसला त्यातलं काहीच झेपत नाही. प्लस-मायनस उलटं झालं तरी तेच.

आवाज कुठपर्यंत पोचतो? लाकडी किंवा फायबरच्या बोटीवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत आरामात. खाली इंजिनघरात मात्र लोखंड आडवं आलं की तुटक येतो. पूर्ण लोखंडी बोटीवर हा उद्योग करूच नका. हँडसेट मोबाइलसाठी मिळणाऱ्या पारदर्शक पाणरोधक पिशवीत घालून गळ्यात अडकवला, आणि त्याच्या छोट्या भोकात वायरचा हेडफोन लावून तो पिशवीतून बाहेर काढला. ज्या हँडसेटला असं भोक नाही तो वींचवर उपयोगाचा नाही, कारण स्पीकरवर बोललं तर माइक इंजिनच ऐकवतो. खारं पाणी आठवड्याभरात चार्जिंगच्या पट्ट्यांवर हिरवं किटण आणतं, ते पुसत राहावं लागतं. आणि हँडसेट पाण्यात पडला तर बुडतो. त्याच्या भरवशावर कोणी लाइफजॅकेट काढून ठेवू नये.

एवढं करून पहिल्या फेरीला बोट गेली. परत आल्यावर मामेभाऊ म्हणाला, "फोन चालतो, पण कामाचा नाय."

कारण पहिलं. बटण दाबायचं, समोर घंटी वाजायची, समोरच्याने उचलायचं, यात चार-पाच सेकंद जातात. वींचवरच्या माणसाकडे चार सेकंद नसतात आणि मोकळा हातही नसतो. याचं उत्तर आम्हाला सापडलं. जाळं ओढायला सुरुवात करण्याआधीच कॉल लावायचा आणि जाळं डेकवर येईपर्यंत तो तोडायचाच नाही. घरगुती हँडसेटची बॅटरी सलग आठ-दहा तास बोलायला पुरते, जाळं ओढायला त्याचा छोटासा भाग लागतो. वॉकीटॉकीपेक्षा कॉर्डलेस इथे सरस ठरतो. वॉकीटॉकीत बोलताना बटण दाबून धरावं लागतं आणि एका वेळी एकानेच बोलायचं. इथे दोघांचेही कान आणि तोंडं एकाच वेळी उघडी.

कारण दुसरं माझ्या विषयातलं निघालं. तांडेल सांगत होता 'सोड' आणि वींचवाल्याला ऐकू येत होतं 'ओढ'. कानात खरखर असेल तर पहिलं व्यंजन आधी बुडतं आणि मागे राहतो तो 'ओ' आणि 'ड-ढ'चा घोळ. अर्थाने एकमेकांच्या अगदी उलट असलेले दोन हुकूम, आणि कानाला जवळपास सारखे. मी वीस वर्षं यमकं शिकवतोय, पण यमकाने कोणाचा हात जाऊ शकतो हे मला सुचलं नव्हतं. आमच्या पिढ्यानपिढ्या हे दोन शब्द डेकवर ओरडत आल्या. समोरासमोर होतं तेव्हा डोळ्यांनी सांभाळून घेतलं असेल.

मग आम्ही मामूंच्या ओटीवर बसून शब्द ठरवले. मामेभाऊ, मी आणि तीन खलाशी, त्यातले दोघे नेपाळचे. ओढायला 'खेच'. सोडायला 'ढील'. थांबायला 'रोक'. 'थांब' का नको, तर नव्या नेपाळी पोराला तो कळायला महिना लागतो, आणि 'रोक' त्याच्याही भाषेत 'रोक'च आहे. तिन्ही शब्दांची सुरुवात वेगळी, स्वर वेगळे. आणि ऐकणाऱ्याने ऐकलेला शब्द परत म्हणायचा. तांडेल म्हणतो 'ढील', वींचवाला म्हणतो 'ढील', मगच दोर सुटतो.

ही परत म्हणण्याची गोष्ट मी शोधून काढलेली नाही. आमचे नाना बोटींवर होते. बोटी म्हणजे मोठ्या आगबोटी. कोकणातल्या शेकडो मुस्लिम घरांत असा एक नाना किंवा आजा असतो. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे लस्कर बरेचसे रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे असत, खाली भट्टीवरचे आगवाले पंजाबचे-सरहद्दीकडचे, आणि खानपानाकडचे गोव्याचे. नाना सांगायचे की वर ब्रिजवर पितळेचा खांब असतो, त्यावर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर 'पुढे', 'मागे', 'सावकाश', 'थांबा' असे खाने. कप्तानाने दांडा फिरवला की खाली इंजिनघरात घंटा वाजून काटा त्या खान्यावर जातो. पण तेवढ्याने हुकूम पुरा होत नाही. खालच्या माणसाने आपला दांडा त्याच खान्यावर आणायचा, मग वरच्या तबकडीवर दुसरा काटा येऊन पहिल्याशी जुळतो. काटे जुळेपर्यंत हुकूम पोचला असं वरच्यानेसुद्धा धरायचं नाही. त्याला टेलिग्राफ म्हणत. शिवाय बोलायची नळी असे, एका टोकाला फुंकलं की दुसऱ्या टोकाची शिट्टी वाजायची. आजही मोठ्या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, सोलासमध्ये, ब्रिज आणि इंजिनघर यांच्यात हुकूम पोचवण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे आहेत. मासेमारीच्या बोटी त्या करारात येत नाहीत. त्यांच्यावर एकही मार्ग नसला तरी कोणी विचारत नाही.

शब्दांच्या बाबतीतही तेच. १८११ साली कलकत्त्यात थॉमस रोबक नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने जहाजावरच्या इंग्रजी-हिंदुस्थानी शब्दांचा आणि हुकुमांचा कोश छापला. गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लस्कराला कळला नाही तर जहाज जातं, हे त्यांना पटलं होतं. म्हणून साहेबाने लस्कराचे शब्द शिकायचे, असा त्याचा रोख. त्यांच्या मनात खलाशाविषयी प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, त्यांना जहाजाची काळजी होती. पण नुसत्या व्यापारी हिशेबानेही त्यांना जे सुचलं ते आपल्याला आपल्या बोटीवर दोनशे वर्षांत सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि शब्द तर आपलेच. नाखवा आला फारसी नाखुदापासून, सुकाणू अरबी सुक्कानपासून, बंदर फारसी, खलाशी अरबी. दर्यावरची निम्मी मराठी आपल्या उर्दूची चुलत बहीण आहे. आपण तिचा अभिमान सांगतो आणि नेपाळच्या पोराला पहिल्या दिवशी तीन शब्दही शिकवत नाही.

आता कारण तिसरं, आणि सगळ्यात अवघड. फोन लागला, शब्द ठरले, तरी वींचवरचा पोरगा बोलेचना. तांडेलाचं ऐकायचा, परत म्हणायचा, पण आपणहून काही नाही. मी त्याला बंदरावर विचारलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "सर, मैं रोक बोलूँ और कुछ हुआ नहीं हो, तो?"

दोराला गाठ दिसली म्हणून त्याने 'रोक' म्हटलं आणि गाठ नव्हतीच, तर? जाळं अर्ध्यात थांबलं, मासा सुटला, तर? शिव्या कोण खाणार? पगार हिश्श्यावर, बाकीचे खलाशीही त्याच्यावर उखडणार. म्हणजे आम्ही आठ दिवस खपून जो फोन बसवला तो हुकूम खाली पोचवायचं एक चांगलं भोंपू झाला होता. खालून वर यायचा रस्ता होता तिथेच बंद.

इथे मला ती हदीस आठवली, जी आपण सगळ्यांनी खुतब्यात पन्नास वेळा ऐकली असेल. बुखारीत आहे, हजरत नोमान बिन बशीर यांच्याकडून आलेली. एका जहाजात चिठ्ठ्या टाकून काही लोकांना वरचा मजला मिळतो, काहींना खालचा. खालच्यांना पाणी आणायला वर जावं लागतं. ते ठरवतात की आपण आपल्याच भागात एक भोक पाडू, म्हणजे वरच्यांना आपला त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसं करू दिलं तर सगळेच बुडतील, आणि त्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील. खुतब्यात याचा अर्थ नेहमी असा सांगतात की वाईट काम करणाऱ्याला रोखा, गप्प बसू नका. अर्थ बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी आलिम नाही, मास्तर आहे. पण बोटीचा हा प्रकार झाल्यापासून माझं लक्ष हदीसच्या पहिल्या भागावर अडतं. खालचे लोक दुष्ट नव्हते. ते वरच्यांना आपला त्रास होऊ नये एवढंच पाहत होते. त्यांना तहान लागली होती आणि वर जाऊन बोलण्यापेक्षा तळाला भोक पाडणं त्यांना सोपं वाटलं. वर जाणं इतकं अवघड का झालं असेल, हा प्रश्न मी तरी कुठल्या बयानात ऐकला नाही. आपण ही गोष्ट ऐकतो तेव्हा मनातल्या मनात प्रत्येकजण वरच्याच मजल्यावर उभा असतो.

मी हे मामूंना जसंच्या तसं सांगितलं नाही, ते म्हणाले असते की मास्तर आता मलाच वाज द्यायला लागला. मी एवढंच म्हटलं, "मामू, 'रोक' कोणीही म्हणू दे. स्वयंपाक करणाऱ्याने म्हटलं तरी इंजिन खाली यायला हवं. आणि कारण खोटं निघालं तरी त्याला कोणी काही बोलायचं नाही. हे तुम्ही सांगायला हवं, तांडेलाने सांगून चालणार नाही." मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि रोज धा येला रोक बोलला तर?"

प्रश्न चुकीचा नव्हता. डिझेल जळतं, वेळ जातो, अंधार पडतो. मी बोटीवर काम करत नाही, महिन्याच्या एक तारखेला माझा पगार खात्यात येतो. मला 'रोक' म्हणणं फुकट आहे, मामूंना नाही. हे मान्य करूनच मी त्यांना दुसरी गोष्ट विचारली. मासा कुठे आहे ते दाखवणारं यंत्र, फिशफाइंडर, तुम्ही केवढ्याला घेतलंत? जीपीएस केवढ्याला? ते घेताना कोणी हसलं नव्हतं. समुद्राच्या तळाशी मासा आहे की नाही ते दिसावं म्हणून बोटीवर एवढी यंत्रं आली, आणि पाठीमागे दहा फुटांवर माणसाचा हात कुठे आहे हे कळावं म्हणून घरातला फुकटचा फोन न्यायला त्याची दोन बोटं जावी लागली. मामू यावर रागावले. रागावून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या खलाशांना बोलावून सांगितलं, "जो रोक बोलेल त्याला मी काय बोलणार नाय." एवढंच वाक्य. पण नाखव्याच्या तोंडचं.

त्या हंगामात 'रोक' किती वेळा आलं ते मामेभावाने मोजलं नाही. सुरुवातीला रोज दोन-तीनदा, त्यातले बरेच फुकटचे. नंतर कमी झाले. एकदा खरा होता, मागची फळी उलटी फिरून दोर पिळला होता आणि केबिनमधून ते दिसणं शक्यच नव्हतं. फुकटच्यांपैकी एकाबद्दल मामेभावाने पोराला शिवी घातली होती. फोन चालूच होता, त्यामुळे ती अगदी स्वच्छ पोचली. त्यानंतर चार दिवस पोरगा पुन्हा गप्प. मग मामेभावाने त्याच फोनवर माफी मागितली. तो मला हे सांगताना हसत होता, पण मला ती सोपी गोष्ट वाटत नाही. आपल्याकडे तांडेल खलाशाची माफी मागत नाही. बाप मुलाची मागत नाही, आणि मास्तर विद्यार्थ्याची तर नाहीच. मी वीस वर्षांत दोनदा मागितली असेल.

काही बोटवाले विचारतात, सरळ वॉकीटॉकी का नको? हवा तर घ्या. २०१८ पासून ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यात कमी ताकदीच्या सेटला परवाना लागत नाही. मात्र त्याच पट्ट्याचा, मंजुरी असलेला सेट आहे का ते बघून घ्या. ऑनलाइन वाटेल ते विकलं जात होतं, म्हणूनच २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यावर नियम करावे लागले. वायर ओढून पक्का टॉकबॅक बसवता आला तर तो कॉर्डलेसपेक्षा चांगला, हेही कबूल. त्याला चार्जिंग नको, तो पाण्यात पडत नाही. केबिनमधला व्हीएचएफ मात्र या कामाला वापरू नका. तो दुसऱ्या बोटींसाठी आणि किनाऱ्यासाठी आहे. त्याच्यावर आपण आपल्याच बोटीतल्या माणसाला "तेल बघ रे" सांगत बसलो, तर चॅनल सोळावर कोणीतरी मदतीसाठी ओरडत असेल ते आपल्या बडबडीत बुडेल. युरोप-अमेरिकेत नवरा-बायको दोघंच शिडाची बोट हाकतात, नांगर टाकताना एक पुढे आणि एक मागे. ते कानाला असलीच बिनवायरची यंत्रं लावतात आणि त्यांना गमतीने 'लग्न वाचवणारी' म्हणतात. यंत्र कुठलंही असो. पण घेण्याआधी ओटीवर बसून शब्द ठरवा, आणि 'रोक' म्हणणाऱ्याला कोणी काही बोलणार नाही हे नाखव्याने स्वतः सांगावं. हे दोन केलं नाही तर पैसे वाचवा, शिट्टी घ्या.

१ जूनला बंदी लागली, बोट किनाऱ्यावर आली. बोट गेलेला मुलगा परत येणार नाही, त्याच्या गावचा दुसरा एक येतोय. त्याचं नाव या वेळी विम्याच्या कागदात घालता येतं का ते बघायला मामेभाऊ मत्स्य खात्याच्या कचेरीत दोन खेपा घालून आला आहे, अजून काम झालेलं नाही. मी पाठपुरावा करतोय.

हँडसेटमधल्या बॅटऱ्या संपत आल्यात, ऑगस्टपूर्वी बदलायला हव्यात. त्या चार्ज होणाऱ्याच घ्यायच्या, टॉर्चच्या साध्या सेलना बेसवर ठेवून चार्ज करायचं नाही, हे मामेभावाला दोनदा सांगून झालंय. घरी अम्मी सध्या चहा झाला की जिन्याखाली उभी राहून ओरडते. वर पंखा चालू असला की मला ऐकू येत नाही, मग ती गुडघ्यावर हात ठेवत वर येते आणि विचारते, माझा फोन कधी परत आणणार?